प्रदर्शनाआधी छापले जाणारे पुस्तक

क्युरेटर म्हणून, म्हणजे दुसऱ्यांच्या कलाकृती निवडून त्या मांडणारी म्हणून, मी केलेल्या पहिल्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये ३७ व्या पानावर जे चित्र आहे, ते त्या प्रदर्शनात कधी लागलेच नाही. ज्या संग्राहकाकडे ते होते, त्यांनी उद्घाटनाला आठवडा उरला असताना ते द्यायला नकार दिला, आणि तोवर पुस्तक छापून, शिवून, पुठ्ठा चढवून तयार झाले होते. भिंतीवरची त्या चित्राची जागा मी दुसऱ्या दोन चित्रांमधले अंतर वाढवून भरून काढली. प्रेक्षकांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही. पुस्तकातले पान मात्र भरून काढता आले नाही, कारण ते रिकामे नव्हतेच. तिथे चित्र होते, खाली मापे आणि माध्यम होते, आणि समोरच्या पानावर या एका चित्रामुळे बाकीच्या मांडणीला कसा अर्थ येतो हे सांगणारा माझा परिच्छेदही होता.

ही चूक अननुभवाची होती, असे मी बरीच वर्षे समजत होते. पुढे आणखी काही प्रदर्शने आणि त्यांची पुस्तके केल्यावर लक्षात आले की तिचे मूळ वेळापत्रकात आहे. उद्घाटनाच्या संध्याकाळी पुस्तक टेबलावर हवे, अशी कलाकारांपासून प्रायोजकांपर्यंत सगळ्यांचीच अपेक्षा असते. त्या संध्याकाळपासून उलटे मोजत गेले की बांधणी, त्याआधी छपाई आणि शाई वाळण्याचे दिवस, त्याआधी रंगांची प्रूफे, त्याआधी मुद्रितशोधन, त्याआधी छायाचित्रण आणि परवानग्या असे करत चित्रांची निवड आणि लेख दोन-अडीच महिने आधी हातावेगळे करावे लागतात. कलाकृती दालनात येतात त्या मात्र शेवटच्या चार-पाच दिवसांत, आणि क्युरेटरचे खरे काम त्याच दिवसांत होते. कागदावर शेजारी-शेजारी शोभणारी दोन चित्रे प्रत्यक्षात एकमेकांचा गळा दाबत असल्याचे तिथे दिसते, एखादे शिल्प खोलीच्या मध्यावरून कोपऱ्यात नेल्यावर सबंध खोली मोकळा श्वास घेते, आणि ज्या रेखाटनाला आपण दुय्यम मानले होते त्याच्यापाशी सगळ्यांची पावले थांबतात. यातले काहीही कॅटलॉगमध्ये नसते. कॅटलॉगमध्ये ठरवलेले प्रदर्शन असते; झालेले प्रदर्शन त्याच्या हाती कधीच लागत नाही.

संग्रहालयात नोकरी करणाऱ्या क्युरेटरला या गोष्टीचा फारसा त्रास होत नाही. तिथे दफ्तरखाना असतो, दालनाची छायाचित्रे काढणारा माणूस असतो, पत्रव्यवहाराच्या फायली असतात, आणि पुढे कोणाला त्या प्रदर्शनाबद्दल जाणून घ्यायचे असेल तर जायला एक पत्ता असतो. स्वतंत्र क्युरेटरकडे यातले काहीच नसते. प्रदर्शन संपले की भिंती दुसऱ्याच्या होतात, कलाकृती आपापल्या घरी परततात, आणि आपल्या हाती निमंत्रणपत्रिका, संगणकातली काही छायाचित्रे आणि पुस्तकांचे गठ्ठे एवढेच राहते. म्हणजे ज्याला पुस्तकाची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याच पुस्तकात त्याचे काम सर्वांत कमी दिसते. स्वतंत्र क्युरेटरांच्या पुस्तकांकडे मी गेली काही वर्षे याच एका प्रश्नासाठी पाहत आले आहे: या अडचणीचे त्यांनी काय केले?

सर्वांत धीट उत्तर अमेरिकन क्युरेटर सेथ सीगेलाब यांचे होते. त्यांनी न्यूयॉर्कमधली आपली गॅलरी १९६६ मध्ये बंद केली आणि त्यानंतर पाच-सहा वर्षे कायमच्या भिंतींशिवाय प्रदर्शने केली. डिसेंबर १९६८ मध्ये त्यांनी जॉन वेंडलर यांच्यासह जे पुस्तक काढले, ते ‘झेरॉक्स बुक’ या नावाने ओळखले जाते. सात कलाकार, प्रत्येकाला २५ पाने, सर्वांसाठी कागदाचा आकार तोच, आणि कलाकृती अशी हवी की तिचे मूळ दुसरीकडे कुठेही नसावे. पान हेच मूळ. कार्ल आंद्रे यांनी पहिल्या पानावर एक छोटा चौकोन टाकला, दुसऱ्यावर दोन, असे करत शेवटच्या पानावर २५ चौकोन विखुरले. रॉबर्ट बॅरी यांनी दर पानावर चाळीस हजार ठिपके भरले. २५ पानांचे मिळून दहा लाख झाले. गंमत अशी की झेरॉक्स यंत्रावर एक हजार प्रती काढणे परवडेना, म्हणून ते शेवटी ऑफसेटवर, म्हणजे नेहमीच्या छापखान्यातल्या यंत्रावर, छापले गेले, आणि नाव मात्र तेच चिकटून राहिले.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९६९ मध्ये, त्यांनी एका कार्यालयाच्या भाड्याच्या जागेत बॅरी, डग्लस ह्युबलर, जोसेफ कोसुथ आणि लॉरेन्स वायनर या चौघांचे प्रदर्शन केले आणि जाहीर केले की कॅटलॉग हेच प्रदर्शन असून खोलीत ठेवलेल्या वस्तू त्याला पूरक आहेत. (त्या खोलीत येणाऱ्यांचे स्वागत करायला बसलेल्या मुलीचे नाव एड्रियन पायपर होते, त्या पुढे स्वतःच मोठ्या कलाकार झाल्या.) त्याच वर्षीच्या मार्च महिन्यासाठी त्यांनी ३१ कलाकारांना प्रत्येकी एक दिवस दिला, आणि जुलै ते सप्टेंबर या काळात अकरा कलाकारांची कामे जगातल्या अकरा वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी मांडली. हे शेवटचे प्रदर्शन कोणीही एका जागी उभे राहून पाहू शकत नव्हते. ते फक्त इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांतल्या कॅटलॉगमध्येच सबंध होते.

सीगेलाब यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की काही कलाकृतींच्या बाबतीत छापलेले पान ही मूळ माहिती असते, आणि काहींच्या बाबतीत ती दुय्यम असते; तैलचित्राचे छायाचित्र ही दुय्यम माहिती, पण ज्या कलाकृतीचे द्रव्यच शब्द किंवा सूचना आहे तिच्यासाठी पान ही मूळ माहिती. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. मात्र ‘पुस्तक हेच प्रदर्शन’ हे वाक्य आजकाल इतक्या सहज वापरले जाते की त्यामागची अट विसरली जाते. जाड रंगाच्या थरांनी उभे केलेले चित्र, किंवा ज्याच्याभोवती फिरल्याशिवाय ज्याचा अर्थ लागत नाही असे शिल्प पुस्तकात छापून ‘हेच प्रदर्शन’ म्हणणे ही हातचलाखी आहे. मीही ती एकदा केली आहे.

अमेरिकन कलासमीक्षक आणि क्युरेटर ल्युसी लिपर्ड यांचा मार्ग मला स्वभावाने अधिक जवळचा आहे. १९६९ मध्ये सिएटलला त्यांनी केलेल्या प्रदर्शनाचे नाव ‘५५७,०८७’ असे होते, कारण त्या शहराची तेव्हाची लोकसंख्या तेवढी मानली जात होती. तेच प्रदर्शन पुढच्या वर्षी व्हँकुव्हरला ‘९५५,०००’ झाले, आणि नंतर ब्वेनोस आयरेस व कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेन्सिया इथल्या त्यांच्या प्रदर्शनांनाही अशीच आकड्यांची नावे मिळाली. या प्रदर्शनांचे कॅटलॉग म्हणजे पाकिटातली सुटी कार्डे होती, ग्रंथालयातल्या जुन्या सूचीत असत तशी. बहुतेक कार्डे कलाकारांनी स्वतः तयार केलेली होती, काहींवर लिपर्ड यांची टिपणे होती, आणि वाचकाने ती हव्या त्या क्रमाने वाचावीत, पिसावीत, नको ती बाजूला ठेवावीत अशी मुभा होती. नव्या शहरात नवे कलाकार आले की नव्या कार्डांची भर पडे. बांधणीचा दोरा घातला की क्रम गोठतो, आणि कार्डांत तो गोठत नाही, एवढ्या साध्या गोष्टीतून त्यांनी वेळापत्रकाच्या अडचणीला बगल दिली. माझे ३७ वे पान जर कार्ड असते तर मी ते उद्घाटनाच्या आदल्या रात्री पाकिटातून काढून घेतले असते.

स्विस क्युरेटर हाराल्ड झेमान यांनी १९६९ मध्येच बर्नच्या कुन्स्थाले या कलासंस्थेत केलेल्या प्रदर्शनाचा कॅटलॉगही फायलीसारखा होता. वृत्ती जेव्हा रूप धारण करतात, अशा अर्थाचे त्या प्रदर्शनाचे इंग्रजी नाव होते. कॅटलॉगच्या पानांच्या कडेला पत्त्यांच्या वहीत असतात तशा अक्षरांच्या खाचा होत्या आणि कलाकार वर्णानुक्रमाने लावलेले होते. या प्रदर्शनावरून झालेल्या वादंगानंतर झेमान यांनी संस्थेचे संचालकपद सोडले आणि स्वतःची एकट्याची ‘एजन्सी’ काढली. स्वतंत्र क्युरेटर हा पेशा आज ज्या अर्थाने ओळखला जातो, त्याची सुरुवात अनेक जण तिथून मोजतात. २०१३ मध्ये इटालियन क्युरेटर जेर्मानो चेलांत यांनी हे प्रदर्शन व्हेनिसमधल्या एका जुन्या प्रासादात, मूळ खोल्यांची मापे राखून, पुन्हा उभे केले. त्यासाठी त्यांना जुनी छायाचित्रे, पत्रे आणि टिपणे धुंडाळावी लागली, कारण कोणाच्या शेजारी कोण होते हे वर्णानुक्रमाने लावलेला कॅटलॉग सांगू शकत नाही. झेमान यांना कागद न फेकण्याची सवय होती, आणि त्यांच्या मृत्यूनंतर तो प्रचंड संग्रह लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेने घेतला, म्हणून हे जमले. प्रत्येक स्वतंत्र क्युरेटरचे कागद असे कोणी घेईल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही.

एक उत्तर या सगळ्यांहून वेगळ्या बाजूने येते. स्विस क्युरेटर हान्स उलरिश ओब्रिस्ट यांनी १९९१ मध्ये आपले पहिले प्रदर्शन स्वतःच्या स्वयंपाकघरात केले होते, आणि ते तीन महिन्यांत जेमतेम तीसेक लोकांनी पाहिले. त्यानंतर दोन वर्षांनी क्रिस्तियाँ बोल्तान्स्की आणि बेर्त्राँ लाव्हिए या फ्रेंच कलाकारांशी झालेल्या गप्पांतून त्यांनी ‘डू इट’ हा उपक्रम सुरू केला. कलाकारांनी फक्त लेखी सूचना द्यायच्या, त्या पुस्तकात छापायच्या, आणि कोणीही, कुठेही, त्या सूचनांवरून कलाकृती करायची. हे पुस्तक प्रदर्शनाच्या आधी येते आणि तरीही कधी खोटे पडत नाही, कारण काय झाले हे सांगण्याचा त्याचा दावाच नाही. काय करा, एवढेच ते सांगते. गायकासाठी बंदिशीचे जे स्थान, तेच इथे पुस्तकाचे आहे.

आता पुस्तकाच्या आतल्या जागेविषयी, कारण माझा बराचसा वेळ तिथेच जातो. दालनात माणूस एका चित्रासमोर उभा असताना डोळ्यांच्या कडेला दुसरी दोन चित्रे आणि दाराच्या चौकटीतून पलीकडच्या खोलीतले चौथे चित्र दिसत असते. पुस्तकात एका वेळी दोनच पाने समोर असतात. म्हणून डावे आणि उजवे पान यांचा संसार पुस्तकात भिंतीवरच्या शेजारापेक्षा कितीतरी घट्ट असतो. भिंतीवर चालून जाणारा विनोद समोरासमोरच्या पानांवर थिल्लर वाटतो, आणि भिंतीवर कोणाच्या लक्षात न आलेले साम्य पानांवर ओरडू लागते. मी अनेकदा डावे पान कोरे ठेवते. मुद्रकाला ते वाया गेल्यासारखे वाटते आणि दर वेळी तो मला विचारतो की इथे काही राहून गेले आहे का.

त्याहून अवघड प्रश्न आकाराचा आहे. पोस्टकार्डाएवढे रेखाटन आणि तीन मीटर रुंदीचे कापड, दोन्ही पुस्तकात तळहाताएवढी होतात. फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँ यांनी या सपाटीकरणाचाच उपयोग करून घेतला: त्यांनी आपल्या कामांच्या ६९ छोट्या प्रतिकृती एका पेटीत बसवल्या आणि स्वतःचे संग्रहालय हातात धरून नेण्याजोगे केले. पण तो कलाकाराचा अधिकार आहे. दुसऱ्यांची कामे हाताळणाऱ्या क्युरेटरने मोठ्या कामाला लहान करताना निदान आपण काय करतो आहोत ते दाखवावे, असे मला वाटते. चित्राखाली मापे छापणे पुरेसे नाही, कारण ती कोणी वाचत नाही. मी आता प्रत्येक पुस्तकातली सगळी चित्रे एकाच प्रमाणात लहान करते. म्हणजे सर्वांत मोठे काम पानभर आले, तर सर्वांत छोटे त्या प्रमाणात नखाएवढे येते, आणि मग त्या छोट्या कामाचा मूळ आकारातला तुकडा पुढच्या पानावर देते. एका कलाकाराला आपले काम नखाएवढे पाहून राग आला होता. पुढचे पान उलटल्यावर त्याचा राग गेला.

कागद आणि बांधणी या गोष्टी लेखाइतक्याच बोलतात, हे मला मुद्रकांनी शिकवले. चकचकीत आर्ट पेपरवर रंग वर तरंगतात आणि खोल दिसतात, पण कोळशाच्या रेखाटनाची भुरभुरीत कड त्यावर मरते. साध्या, लेप नसलेल्या कागदात शाई जिरते, ठिपका पसरतो, काळा थोडा राखाडी होतो, आणि तेच रेखाटन तिथे जिवंत वाटते. पडद्यावर दिसणारा लखलखीत निळा चार शाईंच्या छपाईत येतच नाही, म्हणून प्रूफ पडद्यावर नव्हे तर ज्या कागदावर छापायचे त्याच कागदावर पाहावे. नुसत्या गोंदाने चिकटवलेले पुस्तक सपाट उघडत नाही आणि दोन पानांवर पसरलेले चित्र मधल्या घडीत गिळले जाते. १६ पानांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या मोठ्या कागदांचे गट, दोऱ्याने शिवले तर ते बरेच वाचते. हे सर्व ठरवताना क्युरेटर अनेकदा गैरहजर असतो, कारण तो चित्रांच्या परवानग्या मागत असतो. चित्राची परवानगी कलाकाराकडून आणि चित्राच्या छायाचित्राची परवानगी छायाचित्रकाराकडून, अशा दोन वेगळ्या परवानग्या लागतात, हेही बऱ्याच जणांना छपाईच्या आदल्या आठवड्यात कळते.

छायाचित्रकार दयानिता सिंह यांची पुस्तके मी वारंवार हाताळते ती याच कारणाने की त्यांत बांधणी आणि प्रदर्शन वेगळे काढताच येत नाहीत. २०१७ मध्ये श्टायडल या जर्मन प्रकाशनसंस्थेने छापलेल्या ‘म्युझियम भवन’ या पेटीत घडीघडीने उलगडणारी नऊ छोटी पुस्तके आहेत. टेबलावर ती उभी केली की प्रत्येक पुस्तक एक संग्रहालय होते, आणि कोणते कोणाशेजारी ठेवायचे हे पेटी ज्याच्या घरी आहे तो ठरवतो. त्या छायाचित्रकार आहेत आणि छायाचित्राला एकच मूळ नसते, म्हणून त्यांना हे साधते, असे म्हणता येईल. सीगेलाब यांची अट इथे पूर्ण होते. तरीही क्रम ठरवण्याचा हक्क वाचकाच्या हाती देण्याची ती रीत लिपर्ड यांच्या कार्डांची मला आठवण करून देते.

माझी स्वतःची पद्धत यांच्यापैकी कोणाइतकीच देखणी नाही. मी पुस्तकाचे दोन भाग केले आहेत. उद्घाटनाच्या दिवशी चार पानांची एक घडीपत्रिका असते, जी आदल्या दिवशी डिजिटल यंत्रावर छापली जाते आणि तिच्यात खरोखर लागलेल्या कामांची यादी आणि दालनाचा नकाशा असतो. पुस्तक नंतर येते, सहा-आठ महिन्यांनी, दालनातली छायाचित्रे घेऊन. त्यात मांडणी करताना बदललेल्या निर्णयांची नोंद असते, काय काढले आणि का काढले तेही असते. या पद्धतीत एकच दोष आहे आणि तो मोठा आहे: प्रदर्शन संपल्यावर पुस्तकाला पैसे द्यायला कोणी तयार नसते. प्रायोजकाला आपले बोधचिन्ह उद्घाटनाच्या टेबलावर हवे असते. म्हणून अंदाजपत्रकात पुस्तकाची रक्कम मी पहिल्या ओळीवर लिहिते आणि ती आधी बाजूला काढून घेते. त्यापायी एकदा दिव्यांची व्यवस्था अपुरी पडली आणि एक खोली बंद ठेवावी लागली. तो निर्णय बरोबर होता की नाही, याविषयी माझे मत दर काही महिन्यांनी बदलते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तिचा प्रबंध मला वाचायला पाठवला. माझ्या पहिल्या प्रदर्शनाविषयी त्यात दोन पाने होती, बारकाईने लिहिलेली, आणि तिने केलेल्या सगळ्या विवेचनाचा कणा ३७ व्या पानावरचे चित्र हाच होता. ते चित्र दालनात शिरताच समोर कसे येत असे आणि त्यामुळे उजवीकडच्या भिंतीचा सूर कसा बदलत असे, हे तिने माझ्याच परिच्छेदावरून इतके विश्वासाने मांडले होते की वाचताना क्षणभर मलाही ते आठवू लागले. मी तिला खरे काय ते कळवले. तिने ती दोन पाने बदलली, पण मला विचारले की बाकीच्या वाचकांचे काय.

घरी त्या कॅटलॉगच्या १४० प्रती उरल्या आहेत. जुन्या पुस्तकांत असायचे तसे एक शुद्धिपत्र मी छापून घेतले, बोटभर रुंदीची पट्टी, त्यावर एकच वाक्य: पृष्ठ ३७ वरील चित्र प्रदर्शनात मांडले गेले नव्हते. रोज संध्याकाळी दहा-पंधरा प्रती घेऊन मी ती पट्टी ३६ आणि ३७ या पानांच्या मधल्या घडीत चिकटवते. ज्या प्रती आधीच गेल्या आहेत, त्यांतल्या ग्रंथालयांना दिलेल्या तेवढ्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत. त्यांना पट्ट्या पाठवायच्या पाकिटांवर तिकिटे लावून झाली आहेत.